हारो सामुद्रधुनीतली अठरा मिनिटं: एका जहाजाच्या आवाजाचं प्रकरण

हे प्रकरण सप्टेंबर २०१७ चं. जहाजाचं, कंपनीचं आणि माणसांची नावं मुद्दाम देत नाही, त्याने काही बिघडत नाही. मी तेव्हा एका बल्क कॅरियरवर (धान्य, कोळसा असा सुटा माल नेणारं जहाज) सेकंड ऑफिसर होतो, म्हणजे जहाज कुठून, कसं, किती वेगाने जाणार त्याचा पॅसेज प्लॅन बनवायचं काम माझं. जहाज रिकामं होतं, तोल राखायला टाक्यांत भरतात त्या नुसत्या बॅलास्टच्या पाण्यावर, आणि कॅनडातल्या व्हँकूवर बंदरात गहू भरायला चाललं होतं. बंदराच्या वाटेवर आम्हाला एक विनंती आली, की पुढचे सोळा मैल हळू जा, कारण तुमच्या प्रोपेलरच्या आवाजाने तिथल्या ओर्कांना, म्हणजे किलर व्हेलना, त्रास होतो. ती मानायची की नाही हे ठरवायला ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, जेमतेम पाऊण तास होता.

दर्यावर नोकरी करणारी मराठी पोरं बरीच आहेत आणि त्यांच्यापैकी कोणावर तरी ही वेळ येणारच, म्हणून जे झालं ते सगळं लिहितोय, चुकलं ते पण.

पार्श्वभूमी

व्हँकूवरला जायचं तर पॅसिफिकमधून आधी हुआन दे फुका सामुद्रधुनीत शिरायचं, व्हिक्टोरियाजवळ ब्रॉची लेजला पायलट (तिथल्या पाण्यातून जहाज नेणारा स्थानिक जाणकार) घ्यायचा, तिथून उत्तरेला हारो सामुद्रधुनी, मग बाउंडरी पास, मग जॉर्जियाची सामुद्रधुनी आणि शेवटी इंग्लिश बे, जिथे नांगर टाकून लोक धक्क्याची वाट बघत बसतात. हारोच्या एका बाजूला कॅनडाचं व्हँकूवर बेट आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेचं सॅन वान बेट. चिंचोळी पण खोल जागा, प्रवाह जोरदार, आणि बंदराकडे जाणारी-येणारी सगळी मोठी जहाजं त्यातूनच जातात.

आणि तीच जागा सदर्न रेसिडेंट नावाच्या ओर्कांची उन्हाळ्यातली शिकारीची जागा. हे ओर्का सील वगैरे खात नाहीत, मासे खातात, त्यातही मुख्य चिनूक सॅमन. संख्या सत्तर-पंचाहत्तरच्या घरात, बस. १९६० आणि ७० च्या दशकात मत्स्यालयांसाठी यांच्यातली कित्येक पिल्लं पकडून नेली, त्यातून कळप कधी नीट सावरलाच नाही. कॅनडाने २००३ मध्ये आणि अमेरिकेने २००५ मध्ये त्यांना धोक्यातली जमात म्हणून नोंदवलं. त्यांच्यापुढे तीन संकटं एकदम उभी आहेत: सॅमन कमी झाला, अंगात प्रदूषणाची विषं साठली, आणि तिसरा जहाजांचा आवाज.

तिसरं संकट आपल्याला पटकन समजत नाही कारण आपण डोळ्याने जगतो. ओर्का अंधाऱ्या पाण्यात मासा शोधतो तो क्लिक सोडून आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून, आणि आपसात बोलायला त्यांच्या वेगळ्या हाका असतात, प्रत्येक कळपाच्या स्वतःच्या. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण दीड किलोमीटर जातो, हवेपेक्षा चौपट-साडेचारपट वेगाने, आणि लांबपर्यंत पोचतो. मोठ्या जहाजाचा आवाज खालच्या सुरातला, घुमणारा, तो ओर्काच्या क्लिकच्या आड येत नाही असं बरीच वर्षं मानत होते. पण २०१६ मध्ये याच हारोमधून गेलेल्या १,५८२ जहाजांच्या आवाजाचा अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की जवळून ऐकलं तर जहाजाचा आवाज वरच्या पट्टीतही पसरलेला असतो, थेट ओर्का ज्या पट्टीत शिकार करतो तिथपर्यंत. भर बाजारात फोनवर कोणाचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करा म्हणजे त्याची अवस्था कळेल, फरक एवढाच की त्याचं जेवण त्या ऐकण्यावर अवलंबून आहे.

या आवाजाचा मोठा भाग इंजिनातून नाही, प्रोपेलरमधून येतो. पातं जोरात फिरलं की त्याच्या टोकाशी दाब इतका उतरतो की पाणी थंडगार असूनही उकळल्यासारखं होतं, बुडबुडे धरतात आणि लगेच कोसळतात. हजारो बुडबुडे, दर फेऱ्याला. याला कॅव्हिटेशन म्हणतात. यानेच पात्याला खड्डे पडतात, ड्राय डॉकमध्ये प्रोपेलरच्या कडेला बोट फिरवलं की ते हाताला लागतात, जुन्या पाट्याला टाकी लावल्यावर लागतात तसे. वेग कमी केला की कॅव्हिटेशन झपकन उतरतं. जहाज रिकामं असलं तर उलट जास्त होतं, कारण प्रोपेलर पाण्यात वर आलेला असतो आणि त्याच्यावर पाण्याचं वजन कमी. आमचं जहाज रिकामंच होतं.

व्हँकूवरच्या पोर्ट ऑथॉरिटीने २०१४ मध्ये यावर ‘एको’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. २०१७ च्या सुरुवातीपासून शांत जहाजांना बंदराच्या फीमध्ये सवलत दिली, आणि त्याच वर्षी ७ ऑगस्ट ते ६ ऑक्टोबर हारोत एक चाचणी ठेवली: साधारण १६ सागरी मैलांच्या पट्ट्यात सगळ्या मोठ्या जहाजांनी पाण्यातला वेग ११ नॉटवर (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) आणायचा. सक्ती नाही, दंड नाही. आणि सॅन वान बेटाच्या लाइम किल्न दीपस्तंभाजवळ पाण्याखाली हायड्रोफोन, म्हणजे पाण्यात चालणारा मायक्रोफोन, फरक पडतो का ते ऐकायला.

अडचण नेमकी काय होती

पहिली अडचण माझी चूक. एजंटने आठवडाभर आधी जी प्री-अरायव्हलची मेल पाठवली होती तिला सात-आठ अटॅचमेंट होत्या, त्यातल्या एकीत या चाचणीची सूचना. मी ती उघडली, वाचली, ‘ऐच्छिक’ हा शब्द बघितला आणि पुढे गेलो. पॅसेज प्लॅनमध्ये हारोच्या पट्ट्यात वेग १३ नॉटच लिहिला.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती दर्याबाहेरच्या माणसाला सांगायला हवी. जहाज बंदरात पोचलं की कॅप्टन ‘नोटीस ऑफ रेडिनेस’ देतो, आम्ही एनओआर म्हणतो. ती दिली की भाड्याच्या करारातलं घड्याळ चालू होतं: माल भरायला ठरलेले दिवस मोजायला लागतात, ते संपले की उशिराचे पैसे मालकाला मिळतात. आमच्या करारात एनओआर फक्त ऑफिसच्या वेळेत द्यायची अट होती. त्या दिवशी शुक्रवार. संध्याकाळी पाचच्या आत नांगर टाकून मेल गेली नाही तर घड्याळ सोमवारी सकाळी सुरू होणार, म्हणजे शनिवार-रविवार मालकाच्या खिशातून.

पायलट पावणेअकराच्या सुमाराला शिडीवरून वर आला. साठीकडे झुकलेला, शांत माणूस. कार्ड वगैरे झालं, कॉफी घेतली आणि त्याने विचारलं, कॅप्टन, स्लोडाऊनमध्ये भाग घेणार का?

कॅप्टननी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, सर, एजंटच्या मेलमध्ये होतं, ऐच्छिक आहे.

“अरे सेकंड, मग हे आत्ता सांगतोस?”

ते ओरडले नाहीत. तो प्रश्न बरोबरच होता आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं.

समोर असलेले पर्याय

चार्ट टेबलवर मी आकडे मांडले. त्या वेळी ओहोटीचा प्रवाह आमच्या विरुद्ध होता, साधारण दीड नॉट. पाण्यातून १३ ने गेलो तर जमिनीच्या हिशोबाने साडेअकरा, सोळा मैलांना ८३ मिनिटं. पाण्यातून ११ ने गेलो तर जमिनीवर साडेनऊ, १०१ मिनिटं. फरक अठरा मिनिटांचा. प्लॅनप्रमाणे नांगर साडेचारला पडणार होता, हळू गेलो तर १६:४८. हातात उरतात बारा मिनिटं, आणि सत्तरेक मैलांच्या वाटेवर बारा मिनिटं म्हणजे काहीच नाही, एखादी फेरीबोट आडवी आली किंवा नांगराच्या जागेत दुसरा उभा असला की संपलं.

पहिला पर्याय सरळ होता: काही करायचं नाही, १३ ने जायचं. पायलटने स्पष्ट सांगितलं की बरेचजण भाग घेतायत, काही घेत नाहीत, कोणी विचारायला येणार नाही. माझ्या मनात खरं सांगायचं तर आधी हेच होतं, कारण चूक झाकली जात होती.

दुसरा पर्याय थर्ड मेटने, म्हणजे माझ्या खालच्या अधिकाऱ्याने, सुचवला, जीपीएसवर ११ दिसेल असं धरू. ऐकायला चांगला वाटतो, पण इथेच सगळी मेख आहे. जीपीएस सांगतो जमिनीच्या हिशोबाने वेग. प्रवाह विरुद्ध असताना जीपीएसवर ११ म्हणजे पाण्यातून साडेबारा, म्हणजे प्रोपेलर जवळपास पूर्वीइतकाच जोरात. आवाज ठरतो पाणी पात्यावरून किती वेगाने जातं त्यावर, किनारा किती वेगाने मागे सरकतो त्यावर नाही. नदीच्या उलट्या धारेत पोहणारा माणूस जागच्या जागी दिसत असला तरी हातपाय जोरात मारतच असतो ना, तसं. त्या पोराने बेइमानीने नाही सुचवलं, त्याला फरक लक्षात आला नव्हता, आणि मला वाटतं त्या दोन महिन्यांत कित्येक ब्रिजवर हा घोळ झाला असणार.

तिसरा: अधलामधला वेग, बारा. सगळ्यांना थोडं थोडं. कॅप्टननी तो लगेच उडवला, म्हणाले करायचं तर नीट करू, नाहीतर करू नको.

चौथा: लॉगवर, म्हणजे जहाजाचा पाण्यातला वेग मोजणाऱ्या यंत्रावर, ११ धरायचे आणि पुढे जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत थोडा वेग वाढवून वेळ भरून काढायचा.

मी एक शंका काढली, हळू गेलो तर आवाज कमी पण जास्त वेळ चालणार, मग फायदा काय? पायलट म्हणाला, चांगला प्रश्न, हिशोब कर. तेव्हा माझ्याकडे आकडे नव्हते. नंतर चाचणीचे आकडे छापून आले त्यात बल्क कॅरियरचा स्रोताशी आवाज सरासरी ५.९ डेसिबलने उतरलेला दिसला, कंटेनर जहाजांचा ११.५ ने. डेसिबलचं गणित उतरंडीसारखं असतं, ५.९ कमी म्हणजे आवाजाची शक्ती साधारण चौथ्या हिश्श्यावर, ११.५ कमी म्हणजे चौदाव्या हिश्श्यावर. आमचा वेळ वाढत होता जेमतेम एक पंचमांश. हिशोब अगदीच एकतर्फी आहे.

चीफ इंजिनियरना फोन लावला. त्यांच्या दोन अडचणी होत्या आणि दोन्ही खऱ्या. आमच्या इंजिनाला ५२ ते ५८ आरपीएमच्या मध्ये थांबायची मनाई होती, तिथे शाफ्ट थरथरतो. ११ नॉटला ६४ च्या आसपास लागणार होते, म्हणजे त्या पट्ट्याच्या वर, चालेल. दुसरं, लोड उतरला की ऑक्झिलरी ब्लोअर (इंजिनात हवा ढकलणारे पंखे) आपोआप चालू-बंद होत राहतात आणि मोटरचे हाल होतात. चीफ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मी ब्लोअर हातानेच चालू ठेवतो, काळजी करू नका, पण मला दहा मिनिटं आधी सांगा, झटक्यात कमी करू नका.”

काय केलं

कॅप्टननी चौथा पर्याय घेतला, पण एक अट घालून, आणि मला या प्रकरणातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट ती अटच वाटते. ते म्हणाले, आत्ता सगळं ठरवू नको. हेन्री बेटाशी पट्टा संपेल तिथे नवीन ईटीए (पोचायची अंदाजे वेळ) काढ. १६:५५ च्या आत असेल तर आहे तसं जाऊ. बाहेर जात असेल तर जॉर्जियात अर्धा नॉट वाढवू. तोपर्यंत एनओआरचा मसुदा तयार ठेव, फक्त वेळ भरायची बाकी. आणि एजंटला आत्ताच फोन कर की पाचच्या आधी मेल येतेय, कोणीतरी जागेवर पाहिजे.

म्हणजे पैशाची भीती खरी होती, तिला त्यांनी नाकारलं नाही, तिच्यासाठी वेगळी सोय केली आणि मग वेगाचा निर्णय मोकळेपणाने घेतला. तोपर्यंत आम्ही सगळे ‘ओर्का की एनओआर’ असंच बघत होतो.

डिस्कव्हरी बेटाच्या आधी पावणेबाराच्या आसपास आरपीएम हळूहळू उतरवले, ७६ वरून ६४. मी लॉगकडे बघितलं तर १० च्या आत. कळेना. पायलटने मागून बोट दाखवलं: लॉगच्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘बीटी’ लिहिलेलं होतं, म्हणजे तो समुद्राच्या तळाशी मोजून वेग दाखवत होता, पाण्याशी नाही. किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात आम्ही तो तसा ठेवला होता आणि विसरलो. बटण दाबून ‘डब्ल्यूटी’ केलं, आकडा ११.२ वर आला. हे लक्षात आलं नसतं तर मी ‘वेग कमी पडतोय’ म्हणून आरपीएम परत चढवले असते आणि मनाशी समजलो असतो की आपण भाग घेतला. अख्खी चाचणी तेवढ्या दोन अक्षरांवर अडकली होती.

मग ब्रिज एकदम शांत झाला. रिकाम्या जहाजावर १३ नॉटला मागच्या बाजूला एक थरथर असते, कॉफीच्या कपात गोल लाटा उठत राहतात, सवयीने ती जाणवेनाशी होते. ती गेली. कप स्थिर. उजवीकडे लाइम किल्नचा पांढरा छोटा दीपस्तंभ, खाली काळ्या खडकांवर माणसं बसलेली, बघत. पायलटला विचारलं ओर्का दिसतील का, तो म्हणाला या उन्हाळ्यात फारच कमी आलेत, सॅमनच नाहीये. आम्हाला एकही दिसला नाही.

मला तिथे आजोबांची आठवण झाली. आमचं गाव सिंधुदुर्गात खाडीवर. लहानपणी रात्री आजोबांबरोबर होडीत जायचो, नांगर टाकला की ते होडीच्या तळाच्या फळीला कान लावून पडायचे. मी काहीतरी बडबडायला लागलो की म्हणायचे, “गप रव मेल्या. आयक. ढोमे बोलतत.” मी कान लावायचो आणि खरंच खालून गुरगुर ऐकू यायची, बेडकांसारखी पण घोगरी. ढोमा, घोळ हे मासे पोटातल्या भोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, स्नायूने ठोकून आवाज काढतात, म्हणजे पाण्याखाली ढोलकी वाजवतात म्हणा ना. घोळीचा तोच भोत बाजारात केवढ्याला जातो ते कोकणात सगळ्यांना माहीत आहे, तो वाजतो हे किती जणांना माहीत असेल कोण जाणे. मला पाण्याखाली लोक बोलतात हे सहाव्या वर्षी माहीत होतं. मग अकरा वर्षं जहाजावर काढली आणि माझ्या जहाजाचा खाली काय आवाज होतो हा प्रश्न एकदाही पडला नाही.

निकाल

हेन्री बेटाशी ईटीए काढला, १६:५१. अटीत बसत होता. तरी पुढे जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत कॅप्टननी साधारण तासभर वेग अर्धा नॉट वाढवला, थोडी सवड हवी म्हणून. नांगर १६:४६ ला पडला. एनओआरची मेल १६:५३ ला गेली आणि एजंटचं ‘मिळाली’ पाच वाजायच्या आधी आलं.

मग आम्ही इंग्लिश बेमध्ये अकरा दिवस नांगरावर होतो. धक्का रिकामा नव्हता, आमच्या आधी रांग होती. हे मला त्या दिवशीपेक्षा नंतर जास्त लागलं. ज्या अठरा मिनिटांसाठी ब्रिजवर एवढी ओढाताण झाली ती मिनिटं बंदराला नकोच होती, गव्हाला नको होती, ती फक्त करारातल्या एका कलमाला हवी होती.

चाचणीचा एकूण निकाल असा: ६१ टक्के जहाजांनी भाग घेतला. लाइम किल्नच्या हायड्रोफोनवर, वारा-प्रवाह-बोटी वगैरेचा हिशोब वजा करून, आवाज २.५ डेसिबलने उतरला, म्हणजे शक्तीच्या हिशोबात ४४ टक्के कमी. चाळीस टक्के जहाजं आधीच्याच वेगाने गेली तरी एवढा.

आणि पुढच्या वर्षी बंदराने जे केलं ते मला फार आवडलं. सगळ्यांना एकच ११ नॉट हा आकडा गैरसोयीचा होता, १८ ने जाणाऱ्या कंटेनर जहाजाला सोळा मैलांत अर्ध्या तासाहून जास्त उशीर होत होता, आमच्यासारख्याला पंधरा-वीस मिनिटं. म्हणून २०१८ मध्ये कंटेनर, क्रूझ आणि गाड्या नेणाऱ्या जहाजांना १५ नॉट, बल्क कॅरियर आणि टँकरना १२.५ असं वेगळं वेगळं ठरवलं. भाग घेणारे ८७ टक्क्यांवर गेले. २०१९ मध्ये आकडे १४.५ आणि ११.५ वर आणले, आणि पट्टा बाउंडरी पासपर्यंत वाढवला. प्रत्येक जहाजाकडून थोडं कमी मागितलं आणि जवळपास सगळ्यांकडून मिळालं.

परतीचा फेरा

गहू भरून आम्ही सप्टेंबरच्या शेवटी निघालो, चाचणी अजून चालू होती. यावेळी पॅसेज प्लॅनमध्ये हारोच्या पट्ट्यासमोर ‘११ नॉट, लॉग, डब्ल्यूटी’ लिहिलेलं होतं, चीफना आदल्या दिवशी वेळ कळवलेली होती, आणि हुआन दे फुकाच्या तोंडाशी पोचायची वेळ त्याच हिशोबाने काढलेली. ब्रिजवर याविषयी चर्चाच झाली नाही. पायलट वेगळा होता, त्याने विचारलं, आम्ही हो म्हटलं, संपलं. जहाज भरलेलं, प्रोपेलर खोल, आरपीएम थोडे जास्त लागले पण थरथर मुळीच नव्हती. डिझेलचा हिशोब केला तर १३ ऐवजी ११ ने तेवढ्याच अंतराला पाव भाग तरी कमी जळतं, चीफ त्यावर खूश होते आणि ओर्कांबद्दलही आता तेच सगळ्यांना सांगत होते.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझं. ‘ऐच्छिक’ म्हणजे ‘वाचून सोडून द्या’ नाही, ‘ऐच्छिक’ म्हणजे कोणीतरी इच्छा धरायची आहे, आणि ती वेळेवर धरायची तर ती प्लॅन बनवणाऱ्याच्या टेबलावर धरावी लागते. एक आठवडा आधी मी कॅप्टनना विचारलं असतं तर पायलट अर्धा तास आधीचा मागता आला असता. समुद्रात पाच दिवसांच्या वाटेवर अर्धा तास काढणं म्हणजे दिवसाला सहा मिनिटं. म्हणजे ज्याला आम्ही ब्रिजवर धर्मसंकट समजत होतो ते खरं तर वेळापत्रकातली ढिलाई होती.

जॉर्जियाच्या सामुद्रधुनीत वाढवलेला अर्धा नॉट मला अजून टोचतो. फ्रेझर नदीच्या मुखाशी सॅमन गोळा होतो, ओर्का तिथेही जातात. आम्ही हारोतला आवाज कमी केला आणि त्यातला थोडा पुढे नेऊन ठेवला. ईटीए अटीत बसत असताना ते करायची गरज नव्हती, तिथे कॅप्टनना मी आकडा दाखवून ‘सर, राहू दे’ म्हणायला हवं होतं. सकाळच्या चुकीमुळे माझी जीभ रेटली नाही.

नांगरावरच्या अकरा दिवसांचं तर आम्हाला सुचलंच नाही. नांगरावर मेन इंजिन बंद असतं पण जनरेटर चोवीस तास चालतात आणि त्यांचा घों घों जहाजाच्या पत्र्यातून पाण्यात उतरतो. आमचे दोन चालू होते, जेव्हा लोड एकावर भागत होता. दुसरा सवयीने चालू.

प्रोपेलर आधी पॉलिश करून घेणं, कडेचे मार लागलेले भाग घासून सारखे करणं, हे कंपनीच्या हातात होतं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०१४ मध्ये पाण्याखालच्या आवाजाबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या, त्यात हेच सगळं आहे, पण त्याही ऐच्छिक. माझं मत विचाराल तर सुरुवात ऐच्छिक ठेवली ते बरोबर झालं, सक्ती केली असती तर पहिल्याच वर्षी कोर्टात गेलं असतं आणि हायड्रोफोनला ऐकायला काही मिळालं नसतं. पण भाड्याच्या करारातलं एनओआरचं कलम तसंच ठेवून कॅप्टनकडून चांगुलपणाची अपेक्षा करणं बरोबर नाही. धावत जा आणि रांगेत उभे रहा, याला तोच करार पैसे देतो. आधीच ठरलेल्या वेळेला पोचलं तरी घड्याळ चालू धरायचं, अशी कलमं करारात घालता येतात, काही मालक घालतातही. ती लिहिणारे लोक ऑफिसात बसतात, त्यांनी एकदा लाइम किल्नच्या खडकावर बसून यावं.

आपल्याकडचं म्हणाल तर कोकणच्या किनाऱ्याला कुबड असलेले डॉल्फिन आहेत, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, खाड्यांच्या तोंडाशी असतात, आणि बंदरंही तिथेच होतात. गणपतीत डीजेचा आवाज मोजायला आपण मशीन घेऊन उभे राहतो. खाडीत जेटीचे खांब ठोकताना पाण्याखाली एक हायड्रोफोन सोडणं तेवढंच शक्य आहे. हाँगकाँगमध्ये १९९६ मध्ये विमानाच्या इंधनाच्या धक्क्यासाठी खांब ठोकताना डॉल्फिनसाठी भोवती हवेच्या बुडबुड्यांचा पडदा सोडला होता, त्यात आवाज तीन ते पाच डेसिबलने उतरला. बुडबुडेच आवाज करतात आणि बुडबुडेच आवाज अडवतात, हे मला वाचताना फार विलक्षण वाटलं.

त्या जहाजावरून मी डिसेंबरमध्ये उतरलो. माझ्या जागी आलेला सेकंड अलिबागकडचा होता, दोन दिवस हँडओव्हर चालला. चार्ट, पब्लिकेशन्स, लाइफबोटीची औषधं, सगळं झालं, मग मी त्याला व्हँकूवरचा जुना प्लॅन दाखवला, पुढच्या उन्हाळ्यात जहाज परत तिकडे जायची शक्यता होती म्हणून. हारोच्या ओळीवर बोट ठेवून तो म्हणाला, “दादा, हे अकरा म्हणजे जीपीएसवरचे ना?”

मी त्याला ब्रिजच्या पुढे नेलं आणि लॉगच्या पडद्यावरचा कोपरा दाखवला.